इंदिरानगरचा अंधारा हॉल : एका टू-बीएचकेचं प्रकरण

डिझाइन शिकताना पहिल्याच वर्षी सात घटक पाठ करून घेतात, जागा, रेषा, आकार, प्रकाश, रंग, पोत आणि नक्षी. परीक्षेत सातांवर सात टिपा लिहिल्या की मार्क मिळतात, पण घरात हे घटक असे वेगवेगळे कधीच भेटत नाहीत, एकाला हात लावला की बाकीचे सहा हलतात. हे मला सगळ्यात नीट एका कामात कळलं, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवतेय. घरच्यांची परवानगी घेतली आहे, नावं आणि इमारत गाळली आहे, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत.

पार्श्वभूमी

फ्लॅट नाशिकच्या इंदिरानगरमधला, पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, कार्पेट साधारण ६८० स्क्वेअर फूट. घरात माणसं चार. दादा अंबड एमआयडीसीत नोकरीला, ताई बँकेत, मुलगी नववीत आणि दादांच्या आई, वय ७३, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दार पूर्वेला, वास्तू बघूनच घेतलेलं घर. दारातून आत आलं की थेट हॉल, १० फूट रुंद आणि साडेसोळा फूट लांब, दाराजवळ जेवणाचं टेबल, पुढे सोफा आणि टीव्ही, आणि पार पश्चिमेच्या टोकाला ४ फुटांची बाल्कनी. उजेड यायला एवढी एकच वाट. दक्षिणेला शेजारची इमारत जेमतेम १२ फुटांवर, त्यामुळे लहान बेडरूमच्या खिडकीतून उजेडापेक्षा समोरच्यांची वाळत घातलेली चादरच जास्त दिसते.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी साडेसहा लाख खर्चून इंटिरियर करून घेतलं होतं. पूर्ण हॉलला फॉल्स सीलिंग, टीव्हीच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत गडद अक्रोडी लॅमिनेट आणि मध्ये उभ्या पट्ट्यांचं फ्लुटेड पॅनल, सोफ्यामागे गडद राखाडी रंग, जेवणाच्या टेबलाशेजारी थ्रीडी वॉलपेपर, मरून पडदे, आणि धूळ नको म्हणून बाल्कनी काळ्या काचेच्या स्लायडिंगने बंद. एक गोष्ट मुद्दाम सांगते, काम वाईट नव्हतं. सुतारकाम स्वच्छ होतं, कडा नीट चिकटवलेल्या, ड्रॉवर दोन वर्षांनीही लोण्यासारखे सरकत होते. यातली कुठलीही एक गोष्ट उचलून मोठ्या उजेडाच्या घरात ठेवली असती तर शोभलीच असती.

अडचण

फोनवर दादांनी सांगितलं ते असं, "मॅडम, हॉल आणि लहान बेडरूममधली भिंत पाडायचीय, हॉल फार कोंदट झालाय." मी पहिल्यांदा गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, नोव्हेंबरचं लख्ख ऊन बाहेर, आणि हॉलमधले पाचही पॅनल लाइट चालू. हॉलमध्ये कोणीच नव्हतं. आजी किचनमध्ये ओट्याशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या, मी विचारलं, "आजी, सोफ्यावर नाही का बसत?" तर म्हणाल्या, "तिकडं भाजी निवडली तर गवतसुद्धा भाजीत जातं बाई, काही दिसत नाही."

मुलगी अभ्यास बेडवर मांडी घालून करायची, ताई बँकेतून आल्यावर थेट बेडरूममध्ये जायच्या, म्हणजे घरातली सगळ्यात मोठी खोली, जिच्यावर सगळ्यात जास्त पैसा लागला, ती पाहुणे येईपर्यंत रिकामी. मला जी अडचण दिसली ती ही. ती जागेची नव्हती. १६५ स्क्वेअर फुटांचा हॉल चार माणसांना पुरतो, पण माणूस उजेडाच्या मागे जातो आणि या हॉलमधून उजेड निघून गेला होता.

एक दिवस घरात बसून

भिंतीबद्दल काही बोलायच्या आधी मी एक शनिवार मागून घेतला. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, वही घेऊन त्यांच्या घरी. दर तासाला उजेड कुठे आहे, कोण कुठे बसलंय, कुठला दिवा लावला जातोय एवढंच लिहायचं. मोबाइलच्या अ‍ॅपवर लक्सही, म्हणजे त्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप, मोजले, ते अ‍ॅप काटेकोर नसतं पण आधीचं आणि नंतरचं ताडून बघायला पुरतं.

दिवे बंद करून अकरा वाजता सोफ्यावर ३५ लक्स, जेवणाच्या टेबलावर १०. वाचायला, भाजी निवडायला साधारण ३०० लागतात. आता याचा हिशोब बघा. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जी उंची असते तिच्या दोन-अडीच पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड आत पोचतो, असा आमच्याकडे ठोकताळा आहे. इथे वरची कड ७ फुटांवर, म्हणजे १४ ते १७ फूट, हॉल जवळजवळ पूर्ण झाकला जायला हवा. पण वाटेत ४ फुटांची बाल्कनी वरच्या स्लॅबसकट, त्यात काळी काच, आणि जो काही उजेड आत शिरला त्याला पुढे ढकलायला एकही फिकी भिंत नाही. रंगाच्या शेडकार्डवर बऱ्याचदा एक आकडा असतो, पडलेल्या उजेडापैकी किती टक्के परत फेकतो त्याचा, स्वच्छ पांढरा ८० च्या वर असतो आणि असलं अक्रोडी लॅमिनेट जेमतेम १०. जेवणाच्या टेबलापर्यंत पोचायला उजेडाला तीन-चार उड्या माराव्या लागतात आणि इथे तो पहिल्याच उडीत संपत होता.

हे आकडे दादांना सांगितले तर त्यांनी मान हलवली, पण पटल्याचं दिसलं नाही. मग म्हणाले, "काळा रंग वाईट असता तर काळाराम मंदिर कोंदट वाटलं असतं ना?" हा प्रश्न मला फार आवडला. अठराव्या शतकाच्या शेवटी सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं ते मंदिर सगळं काळ्या दगडातलं, पण भोवती केवढं मोकळं आवार आहे, डोक्यावर आभाळ, दगड छिन्नीने घडवलेला म्हणून प्रत्येक कंगोऱ्यावर ऊन वेगळं पडतं. तिथे काळा रंग भरपूर उजेडात उभा आहे, इथे तो थोडक्या उजेडातला वाटा खातोय. रंग तोच, पण प्रकाश आणि जागा बदलली की त्याचं काम बदलतं.

तरी बोलण्याने खरं काही होत नाही. मी ताईंकडून दोन पांढऱ्या डबल बेडशीट मागितल्या, आणि मुलीला स्टुलावर चढवून टीव्ही युनिटच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने लावल्या, जमिनीपर्यंत सोडल्या. मग काळ्या काचेचं एक शटर पूर्ण सरकवलं. बाकी काही नाही, दिवे बंदच. आजींना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. त्या क्षणभर गप्प बसल्या, मग नातीकडे बघून म्हणाल्या, "अगं, तुझ्या गालावर केवढे फोड आलेत, काय लावतेस की नाही?" सगळे हसले, पण दादा हसले नाहीत, ते त्या चादरीकडेच बघत राहिले. सोफ्यावर ११० लक्स झाले होते, फुकटात.

कोणते पर्याय होते

भिंत पाडायचा पर्याय मी तिथल्या तिथे उडवून लावला नाही, कारण घरच्यांच्या मनात तो वर्षभर मुरलेला होता. स्ट्रक्चरल इंजिनीअरला घरी बोलावलं. भिंत भार घेणारी नव्हती, सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी रीतसर घेऊन पाडता आली असती. पण वरचा बीम पावणेसात फुटांवर तसाच लोंबता राहणार, आणि भिंतीपलीकडची खिडकी त्या १२ फुटांच्या बोळातच उघडते, म्हणजे आजींची खोली घालवून हाती काय, तर आणखी ९० स्क्वेअर फूट अंधार.

दुसरा स्वस्तातला, साठ-सत्तर हजारांत बसणारा. मोठा आरसा, चार दिवे वाढवायचे, पडदे बदलायचे. याच्याकडे ताईंचा कल होता. पण आरसा समोर जे असेल तेच दाखवतो, आणि समोर अक्रोडी लॅमिनेट होतं.

तिसरा माझा, आणि सांगायला सगळ्यात अवघड. जे केलंय त्यातलं बरंचसं काढायचं. सीलिंग, पॅनल, वॉलपेपर, काळी काच. दादांचा चेहरा उतरला. अजून त्या साडेसहा लाखांतले हप्ते चालू होते. "म्हणजे ते पैसे पाण्यातच गेले ना?" मी खोटा दिलासा दिला नाही, काही गेलेच होते. पण सुताराला सोबत नेलं आणि एकेक नग मोजला, टीव्ही युनिटचे आतले सगळे बॉक्स चांगल्या प्लायचे, ते वापरता येत होते, फक्त दर्शनी भाग बदलायचा. किचन, दोन्ही वॉर्डरोब, सोफा यांना हातच लावायचा नव्हता. काढायच्या वस्तूंची जुनी किंमत धरली तर ती पावणेदोन लाखांच्या आसपास भरत होती. साडेसहा आणि पावणेदोन यातला फरक कागदावर दिसल्यावर त्यांना श्वास घेता आला. दोन दिवस मागून घेतले आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. बजेट अडीच लाख, ओढून ताणून पावणेतीन.

काय केलं

पहिलं काम काच. काळी काढून साधी पारदर्शक टफन्ड बसवली, आणि तीन शटरांच्या जागी दोनच मोठी, म्हणजे मधली एक उभी रेघ कमी.

फॉल्स सीलिंगने ८ इंच खाल्ले होते, ९ फूट ४ इंचांचा हॉल ८ फूट ८ इंचांवर आलेला. ते उतरवलं, फक्त टीव्हीच्या भिंतीलगत १४ इंचांची पट्टी ठेवली कारण सगळं वायरिंग तिथून जात होतं. उतरवल्यावर स्लॅबला फास्टनरची भोकं शेकड्याने निघाली, पुट्टीचा खर्च अंदाजापेक्षा ९ हजारांनी वाढला, हे मी आधी धरायला हवं होतं. हॉलच्या छताचा बीम उघडा पडला. तो लपवायचा नाही असं ठरलं, छताचाच रंग दिला आणि आठवड्याभरात कुणाचं लक्षही जाईना.

टीव्ही युनिटबद्दल थोडं जास्त बोलते, कारण रेषा आणि आकार इथेच समजतात. उभ्या पट्ट्यांनी भिंत उंच दिसते असं सगळे सांगतात, ते खरंही आहे, पण पट्ट्या जमिनीपासून छतापर्यंत सलग गेल्या तर. इथे त्या मध्येच टीव्हीने तुटत होत्या, वर कपाटाने, खाली ड्रॉवरने, म्हणून नजर कुठेच ठरत नव्हती. आम्ही वरचा सगळा भाग काढला आणि जुन्या बॉक्सांतून १२ फूट लांब, १४ इंच उंच असं एकच युनिट जमिनीपासून ८ इंच वर भिंतीला टांगलं. एक लांब आडवी रेघ. खालून फरशी दिसत राहिली, आणि फरशी जिथपर्यंत दिसते तिथपर्यंत डोळा जागा मोजतो. पडद्याची दांडी ७ फुटांवरून उचलून छताजवळ नेली आणि दोन्ही बाजूंना एकेक फूट वाढवली, म्हणजे पडदा गोळा केला की काच पूर्ण मोकळी. एवढ्या एका कामाला तीन हजारही लागले नाहीत आणि फरक सगळ्यात जास्त दिसला.

रंगावर वाद झाला. ताईंना दवाखान्यासारखा पांढरा नको होता, आजींना पोपटी हवा होता, दादांना काहीही चालणार होतं. मी रंगाऱ्याकडून तीन फिके शेड दोन-दोन फुटांच्या चौकोनात भिंतीवर मारून घेतले आणि चार दिवस तसेच ठेवले. पश्चिमेचा हॉल आहे, संध्याकाळचा उजेड स्वतःच केशरी असतो, त्यात पिवळसर क्रीम पाचनंतर अगदी हळदीसारखं दिसायला लागलं. शेवटी किंचित राखाडीकडे झुकणारा ऑफ-व्हाइट घेतला. आजींचा पोपटी मी सोडला नाही, तो दाराशेजारच्या तीन फुटांच्या भिंतीला लावला, देवघराला लागून. दार उघडलं की आधी तोच दिसतो.

दिव्यांचं सांगायचं तर आधी पाचही पॅनल ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर), निळसर पांढरे, सगळे एकाच स्विचवर. उजेड वरून सरळ खाली, त्यामुळे डोळ्यांखाली सावल्या आणि भिंती अंधारात. नवीन वायरिंगमध्ये तीन स्विच केले. भिंतीवर वरून पडणारा ३००० केल्विनचा मऊ उजेड रोज संध्याकाळसाठी, जेवणाच्या टेबलावर खाली सोडलेला एक दिवा, आणि सोफ्याच्या आजींच्या कोपऱ्यात ४००० केल्विनचा मान वळणारा वाचनदिवा. वय वाढलं की डोळ्याची बाहुली तरुणपणाइतकी उघडत नाही, ऑपरेशन उत्तम झालं असलं तरी उजेड जास्त लागतोच, पण तो थेट डोळ्यात आलेला सहन होत नाही. म्हणून दिवा मागून, खांद्यावरून.

पोत आणि नक्षी शेवटी. सगळं फिकं झाल्यावर हॉल मोठा दिसला खरा, पण सपाट, नवीन वहीच्या पानासारखा. गुळगुळीत लॅमिनेट, गुळगुळीत भिंत, गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, हात कुठे ठेवावासा वाटेना. त्यासाठी मी काही विकत आणायच्या बेतात होते, तेवढ्यात आजींनी कपाटातून स्वतः शिवलेली गोधडी काढली, जुन्या लुगड्यांची, चारी कडांनी आत आत येणारे टाके. ती बाल्कनीजवळच्या दिवाणावर टाकली. जवळून बघितलं तर तिच्यात नक्षी आहे, ठिगळं, टाक्यांच्या ओळी, जांभळ्या काठाचा तुकडा. दारातून, सोळा फुटांवरून बघितलं तर तीच नक्षी विरघळून नुसता पोत होते, मऊ, खडबडीत. थ्रीडी वॉलपेपर लांबूनही ओरडत होता तो यासाठीच, त्याची नक्षी खोलीच्या मानाने फार मोठी होती. भांडी बाजारातून आणलेला पितळी हंडा माळ्यावर पडून होता, तो चिंचेने घासून टेबलाशेजारी ठेवला, वरच्या दिव्याचा उजेड त्याच्या पोटावर पडतो.

काय झालं

काम २६ दिवस चाललं, खर्च २ लाख ७२ हजार. डिसेंबरमध्ये सकाळी अकराला दिवे बंद ठेवून सोफ्यावर २१० लक्स, जेवणाच्या टेबलावर ८०. खोली एक इंचही वाढलेली नाही, तरी येणारा प्रत्येक जण विचारतो भिंत पाडली का. आजी दिवाणावर बसून भाजी निवडतात, आणि त्या तिथे बसतात म्हणून नात तिथेच खाली चौरंग घेऊन अभ्यासाला बसते, आणि दोघी तिथे म्हणून ताईही आल्यावर आधी तिथेच टेकतात.

पण दोन गोष्टी बिघडल्या आणि दोन्ही माझ्या होत्या.

पहिली जानेवारीत. आजी बाल्कनीत जाताना उंबऱ्याला अडखळल्या, गुडघ्यावर पडल्या. नशिबाने मुका मारच लागला. मी गेले आणि त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं. फरशी फिकी, उंबरा फिका, बाल्कनीची टाइलही फिकी, समोरून ऊन. अडीच इंचांची पायरी कुठे सुरू होते ते मलाच नीट दिसेना. आधी तिथे मरून पडद्याची कड आणि काळी फ्रेम होती, वाईट दिसायची पण पायाला सांगायची. दुसऱ्याच दिवशी उंबऱ्यावर काळ्या कडप्प्याची चार इंची पट्टी बसवली, पॉलिश न करता. आजींच्या वाटेवरच्या स्विचबोर्डांना गडद चौकट केली, बाथरूमच्या पायरीलाही तीच कडप्प्याची पट्टी. पूर्ण घरात गडद रंग आता एवढ्याच जागी आहे आणि तिथे तो लागतोच.

दुसरी एप्रिलमध्ये. ताईंचा फोन आला, चारनंतर हॉलमध्ये बसवत नाही, ऊन थेट टीव्हीवर. मी उजेड मोजला होता नोव्हेंबर-डिसेंबरात, तेव्हा सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो आणि त्या बाजूला एक उंच इमारत आडवी आहे. डिसेंबर ते जून मावळतीची जागा क्षितिजावर जवळपास ५० अंश उत्तरेकडे सरकते. एप्रिलमध्ये ती त्या इमारतीच्या पार उजवीकडे, मोकळ्या आभाळात आली होती. नाशिकचा उन्हाळा आता चाळिशीला टेकतो, आणि मी थंडीतल्या एका शनिवारवर वर्षभराचा निर्णय घेतला होता. काळी काच परत लावायचा विषय निघाला. त्याऐवजी बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला बांबूची चिक लावली, दोरीने गुंडाळायची. ऊन काचेच्या बाहेरच अडलं तर तापही बाहेर राहतो, आतल्या पडद्याने उजेड अडतो पण ताप आलेलाच असतो. साडेचार हजार लागले, ते मी माझ्या फीमधून वळते केले.

पुन्हा करायचं झालं तर

शनिवार एकच घेणार नाही. वर्षभर थांबणं कुणाला शक्य नसतं, पण सूर्य कुठल्या महिन्यात कुठे असतो हे फोनवरच्या अ‍ॅपमध्ये उभ्या उभ्या बघता येतं, आणि घरातल्यांना विचारता येतं, "मे महिन्यात दुपारी तुम्ही कुठे झोपता?" त्यांना सगळं माहीत असतं. काळी काच का लावली हे मी विचारलंच नव्हतं. धूळ हे कारण मला सांगितलेलं होतं, उन्हाचं कारण त्यांच्याही लक्षात राहिलं नव्हतं, कारण ते दोन वर्षं जाणवलंच नव्हतं.

म्हातारं माणूस असलेल्या घरात रंगाचा निर्णय भिंतीवर संपवणार नाही. शेड ठरला की त्या माणसाच्या सकाळपासूनच्या वाटेवर चालून बघणार, जिथे पातळी बदलते तिथे गडद-फिक्याचा फरक ठेवलाय का ते तपासणार, तेही भर उन्हात एकदा आणि रात्री दिवा बंद असताना एकदा.

आणि चादरीचा प्रयोग पहिल्याच भेटीत करणार. मी आधी आकडे बोलले, इंजिनीअर आणला, हिशोब मांडला, या सगळ्याची गरज होती, पण दादांचा होकार चादर लावली तेव्हाच आला होता, त्यांना तो शब्दात सांगायला दोन आठवडे लागले एवढंच.

लहान बेडरूम अजून तशीच आहे. १२ फुटांवरची ती इमारत हलणार नाही, पण तिची आपल्याकडची भिंत पावसाने काळी पडलीय आणि त्या सोसायटीत यंदा रंगकाम निघणार आहे. दादा त्यांच्या सेक्रेटरींना भेटून आलेत, त्या बाजूला फिका रंग मारा म्हणून.